आफ्टरमार्केट अलॉयवर परफॉर्मन्स टायर निवडताना: रिमच्या मागचा आकडा वाचण्यापासून शेवटचा नट कसेपर्यंत

गाडीला कंपनीचीच रिम असेल तर टायर बदलायला फार डोकं लावावं लागत नाही, ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो, त्यावरची साइज सांगायची आणि मोकळं व्हायचं. पण बाहेरचे अलॉय बसले की तो स्टिकर अर्धाच लागू राहतो, आणि तरी बहुतेक लोक जुन्या टायरवर जे छापलंय तेच परत मागतात. तो जुना टायर कुणी निवडला, काही हिशोब करून निवडला की दुकानात पडून होता म्हणून चढवला, हे कुणी विचारतच नाही.

मीही हेच केलं होतं. जुनी गाडी घेतली, आधीच्या मालकाने १७ इंची अलॉय लावलेले, टायरचा पार गोटा झालेला. त्यावर २१५/४५ आर१७ लिहिलेलं होतं म्हणून तेच नवीन घेतले. एकटा फिरत होतो तोवर सगळं मस्त, मग एकदा पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन निघालो तर प्रत्येक उंचवट्यावर मागून खर्रर्र आवाज, थांबून बघितलं तर मागच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर (नक्षी जिथे बाजूला वळते ती कड) गोल रेघ कापत गेलेली. त्या दिवशी पहिल्यांदा चाक काढून रिमची मागची बाजू वाचली, मग टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा, बघितला तर ८७, आणि गाडीला मुळात हवा होता ९१. म्हणजे एकेका टायरमागे ७० किलो कमी, आणि त्यावर घरची माणसं बसवून मी हायवेला पळवत होतो. तेव्हापासून टायर घ्यायचा म्हटलं की मी एका ठरलेल्या क्रमाने जातो, तोच इथे लिहितोय.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. टायरची रुंदी रिम ठरवते, उंची गाडी ठरवते, वजन आणि स्पीडचा आकडाही गाडीच ठरवते, आणि रबर कुठल्या जातीचं हे तुमचं चालवणं आणि तुमच्याकडची हवा ठरवते. ब्रँड सगळ्यात शेवटी. आधी मॉडेल मनात बसलं आणि मग त्यात साइज शोधायला लागलात की नेमकी मिळत नाही, मग "हे पण चालतंय की" असं म्हणत काहीतरी जवळपासचं घेतलं जातं, आणि पुढचा सगळा त्रास तिथून सुरू होतो.

आधी चाक उतरवा आणि मागून वाचा

जॅक लावा, खाली स्टँड ठेवा (नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालू नका), चाक काढा आणि पुसून घ्या. स्पोकच्या मागे किंवा हबच्या (गाडीला टेकणारा मधला भाग) आसपास कोरलेलं असतं, समजा १७x८जे ईटी३५ ५x११४.३. यात १७ म्हणजे इंचात व्यास, ८ म्हणजे इंचात रुंदी, जे हा रिमच्या कडेच्या आकाराचा प्रकार, ईटी म्हणजे ऑफसेट (रिमच्या रुंदीच्या मध्यापासून गाडीला टेकणारी बाजू किती बाहेरच्या दिशेला आहे ते) मिलीमीटरमध्ये, आणि शेवटचं म्हणजे पाच बोल्ट आणि ते ज्या गोलावर बसतात त्याचा व्यास. काही रिमवर हे सगळं एका जागी नसतं, थोडं इकडे थोडं तिकडे शोधावं लागतं, मोबाईलचा टॉर्च मारून बघा.

आकडा पुसला गेला असेल तर टेप लावून मोजता येतं, पण एक लक्षात ठेवा, रिमची रुंदी ही टायरची बीड, म्हणजे रिमला घट्ट धरणारी आतली कड, जिथे आत बसते तिथली असते. बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजलं तर साधारण एक इंच जास्त भरतं, आणि मग ८ इंची रिमला लोक ९ समजून त्या हिशोबाचा टायर घेऊन येतात.

दुसरा आकडा वजनाचा. बऱ्याच चांगल्या रिमवर एक चाक किती किलो पेलू शकतं ते कोरलेलं असतं, ६९० किलो, ७३० किलो असं काहीतरी. गाडीच्या पुस्तकात किंवा स्टिकरवर पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं जास्तीत जास्त वजन (त्या दोन चाकांवर मिळून) दिलेलं असतं, त्यातलं मोठं घ्या, निम्मं करा, रिमचा आकडा त्याच्यापेक्षा वर पाहिजे. जपानी पद्धतीच्या रिमवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए असे शिक्के असतात, ते चाचणीचे शिक्के आहेत. शिक्का पण नाही, वजन पण नाही, बनवणाऱ्याचं नाव पण नाही अशी रिम असेल तर मी आधी रिमचा विचार करीन, टायरचा नंतर.

चाक हातात आहे तोवर रिमची आतली बाजू नीट बघून घ्या. खड्ड्याचा मार बहुतेक वेळा आतल्या कडेला बसतो, बाहेरून काही दिसत नाही. केसासारखा तडा, कुठे ठोकून सरळ केल्याची खूण, कुठे वेल्डिंग. तडा गेलेली आणि वेल्डिंग मारलेली रिम मी वापरत नाही, त्यावर कितीही चांगला टायर चढवला तरी भरवसा नाही.

आणि हब रिंग. आफ्टरमार्केट रिमचं मधलं भोक बऱ्याचदा मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं म्हणजे एकच रिम वेगवेगळ्या गाड्यांना बसेल, मधली फट भरायला प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची रिंग घालायची असते. ही रिंग हरवली की चाक मधोमध बसत नाही आणि ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग लोक तीन तीन वेळा बॅलन्सिंग करतात, टायरला दोष देतात, आणि चूक निघते त्या एवढ्याशा रिंगेची.

उंचीचा हिशोब, कागदावर करा

टायरवर २०५/५५ आर१६ लिहिलंय म्हणजे २०५ मिमी रुंदी, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १६ इंची रिम. आता पूर्ण चाकाची उंची काढू. २०५ चे ५५ टक्के ११२.७५, वर एकदा आणि खाली एकदा म्हणून दुप्पट २२५.५, त्यात १६ इंच म्हणजे ४०६.४ मिळवा, झाले ६३१.९ मिमी. हा तुमच्या गाडीचा मूळ आकडा, म्हणजे गिअर, स्पीडोमीटर, एबीएस सगळं ह्याच्या आसपास धरून बनवलेलं आहे.

आता १७ इंची रिमसाठी तोच हिशोब करा. २१५/४५ आर१७ येतो ६२५.३, म्हणजे एक टक्का कमी. २२५/४५ आर१७ येतो ६३४.३, जवळपास तेवढाच. १८ इंची असेल तर २२५/४० आर१८ येतो ६३७.२, हाही ठीक. पण कुणी म्हणालं २२५/५० आर१७ घ्या, साइडवॉल जाड, खड्ड्यात आरामदायक, तर तो येतो ६५६.८, म्हणजे जवळजवळ चार टक्के मोठा. मीटर १०० दाखवत असेल तेव्हा गाडी आधीपेक्षा चार किलोमीटर जास्त वेगात असते, पिकअप मंदावतो, आणि चाक मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला लागायची शक्यता वेगळीच. लोक तीन टक्क्यांपर्यंत चालतं म्हणतात, मी स्वतः दीड टक्क्याच्या आत राहतो आणि शक्यतो मोठ्यापेक्षा किंचित लहान बाजूला, कारण संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक ३९ प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही, आणि बहुतेक मीटर मुळात थोडं जास्तच दाखवतात. टायर मोठा केला की ती शिल्लक आपण खाऊन टाकतो.

रुंदी: इथे रिमचं ऐका

प्रत्येक टायर साइजला रिमची एक ठरलेली रुंदी चालते, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. २०५/५५ आर१६ साठी साडेपाच ते साडेसात इंच, २२५/४५ आर१७ साठी सात ते साडेआठ, २४५/४० आर१८ साठी आठ ते साडेनऊ. टायर कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये हे दिलेलं असतं, मॉडेलचं पान उघडून बघा, दुकानदाराच्या "बसतंय हो" वर जाऊ नका, कारण मशीनवर चढणं वेगळं आणि नीट चालणं वेगळं.

त्याच यादीत मोजमापाची रिम म्हणून एक आकडा असतो, २२५/४५ साठी साडेसात इंच. म्हणजे तो टायर साडेसात इंची रिमवर चढवला तर २२५ च्या आसपास भरतो, रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण ५ मिमी रुंद होतो. आठ इंचावर तोच २२५ चा टायर २३० च्या जवळ जातो. आणि दोन कंपन्यांचे २२५ सुद्धा शेजारी ठेवले तर सारखे नसतात, एकाचा खांदा चौकोनी असतो एकाचा गोल. जिथे जागा मिलीमीटरमध्ये मोजायची आहे तिथे हा फरक मोठा आहे.

अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवायची एक फॅशन आहे, दिसायला वेगळं दिसतं खरं, पण साइडवॉल बाहेरच्या दिशेने तिरकी ओढली जाते, रिमची कड उघडी पडते, आणि हवा थोडी कमी असताना जोरात वळण घेतलं तर बीड रिमवरून सुटू शकते. मी हे कुणालाही सुचवणार नाही. उलट प्रकार पण वाईटच, रुंद टायर अरुंद रिमवर कोंबला की साइडवॉल फुगते, वळणावर टायर आधी डोलतो मग वळतो, म्हणजे जास्त रुंद टायरचे पैसे देऊन स्टिअरिंग आधीपेक्षा ढिलं लागतं. मधला आकडा निवडा, उगाच टोकाला जाऊ नका.

जागा आहे का?

ऑफसेटचा हिशोब समजला की अर्धी भीती जाते. मूळ रिम १६x६.५ ईटी४५, नवीन १७x८ ईटी३५. रुंदीत फरक दीड इंच, म्हणजे ३८ मिमी, तो दोन्ही बाजूंना निम्मा निम्मा, १९ आणि १९. ऑफसेट १० ने कमी झाला म्हणजे अख्खं चाक १० मिमी बाहेर सरकलं. तर बाहेरच्या बाजूला १९ अधिक १०, २९ मिमी बाहेर, आणि आतल्या बाजूला १९ उणे १०, ९ मिमी आत. माझ्या गाडीचे हेच आकडे होते. २९ मिमी बाहेर आलेलं चाक भरल्या गाडीत मडगार्डच्या कडेला लागणारच, त्यात आश्चर्य काही नाही, फक्त आधी कुणी मोजलं नव्हतं.

ते मी कसं सोडवलं तर २२५ चा मोह टाळला, २१५/४५ मध्येच एक्स्ट्रा लोड ९१ वाला घेतला, मागच्या थकलेल्या स्प्रिंग बदलल्या आणि मडगार्डची आतली कड दुमडून घेतली. २२५ घेतला असता तर आठ इंची रिमवर तो आणखी तीन-चार मिलीमीटर बाहेर आला असता. सगळा दोष टायरचाही नव्हता, स्प्रिंग बसलेल्या होत्या हे तेव्हाच कळलं.

तुमच्याकडे तपासायचं असेल तर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून आतल्या बाजूला शॉकअब्सॉर्बरच्या नळीपासून टायर किती लांब आहे ते बघा, निदान ५-६ मिमी तरी पाहिजे. मडगार्डच्या आत शंका वाटेल तिथे मुलांची खेळायची प्लॅस्टिसिन चिकटवा, गाडी भरून हळूहळू उंचवट्यावरून न्या, दाबली गेली की कळतं किती जागा उरते. स्पेसर (चाक बाहेर सरकवायला मागे घालायची चकती) लावायचा विचार असेल तर आधी बोल्टला किती आटे मिळतायत ते बघा, नुसता स्पेसर घालून तेच जुने बोल्ट कसणं धोक्याचं आहे.

लोड इंडेक्स आणि स्पीडचं अक्षर

साइजच्या पुढे ९१ व्ही किंवा ९४ डब्ल्यू असं लिहिलेलं असतं. ८७ म्हणजे ५४५ किलो, ९१ म्हणजे ६१५, ९४ म्हणजे ६७०. अक्षरं वेगाची, टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३०० किलोमीटर ताशी. नियम सरळ आहे, गाडीच्या स्टिकरवर जे आहे त्याच्या खाली यायचं नाही, दोन्हीतही नाही.

इथे एक युक्तिवाद हमखास ऐकायला मिळतो, की ५४५ गुणिले चार २१८० किलो झाले, गाडी भरून सतराशे, मग काय प्रॉब्लेम. प्रॉब्लेम हा की गाडी उभी नसते. ब्रेक मारला की वजन पुढे जातं, वळणात बाहेरच्या दोन चाकांवर जातं, आणि ब्रेक मारत वळताना खड्डा आला की एका टायरवर किती येतं याचा विचार करा. गाडी बनवणाऱ्यांनी हे सगळं धरूनच तो आकडा दिलेला असतो. साइडवॉल जसजशी बुटकी होते तसतशी टायरमधली हवेची जागा कमी होते आणि वजन तर हवाच पेलते, म्हणून मोठ्या रिमवर गेलं की लोड इंडेक्स घसरायची शक्यता जास्त. त्यासाठीच एक्सएल म्हणजे एक्स्ट्रा लोड टायर असतात. पण एक्सएलला त्याचं पूर्ण वजन पेलायला हवा जास्त लागते, युरोपियन मापात साधा टायर २.५ बारला त्याचा आकडा गाठतो आणि एक्सएल २.९ बारला, पीएसआयमध्ये ३६ आणि ४२. म्हणजे एक्सएल घेतला आणि हवा जुन्याच हिशोबाने भरली तर ती जास्तीची ताकद कागदावरच राहते. इलेक्ट्रिक गाडी असेल तर यात अजिबात सूट घेऊ नका, बॅटरीमुळे त्या मुळातच जड.

रबर कुठलं

आता मजेचा भाग, आणि इथे मी लोकांना सगळ्यात जास्त चुकीचं खरेदी करताना बघतो, कारण रिव्ह्यू बघून ट्रॅकवरचा टायर रोजच्या गाडीला लावला जातो.

साधारण चार प्रकार धरा. एक टूरिंग, म्हणजे मिशेलिन प्रायमसी ४ सारखे, शांत, जास्त टिकणारे, ओल्या रस्त्यावर पण चांगले, पण स्टिअरिंगला लगेच उत्तर देणारे नाहीत. दुसरा प्रकार ज्याला खऱ्या अर्थाने रस्त्यावरचा परफॉर्मन्स टायर म्हणता येईल, मिशेलिन पायलट स्पोर्ट ५, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७, ब्रिजस्टोन पोटेन्झा स्पोर्ट, गुडइयर ईगल एफ१ असिमेट्रिक ६ ही त्यातली नावं. ह्यांचं रबर चिकट असतं, साइडवॉल ताठ असते, आणि पाण्यासाठी चर पण खोल असतात. तिसरा प्रकार एक्स्ट्रीम परफॉर्मन्स, योकोहामा अ‍ॅडव्हान निओवा एडी०९ किंवा ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस असे, कोरड्या रस्त्यावर अफाट पकड, पण नक्षी कमी आणि मोठे मोठे ठोकळे असल्यामुळे साचलेल्या पाण्यात गाडी तरंगायची भीती जास्त, आवाज जास्त, झीज भराभर. चौथा ऑल सीझन परफॉर्मन्स, मिशेलिन पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ सारखे, जिथे थंडी कडक पडते तिथे उपयोगाचे.

थंडीचं नीट समजून घ्या. उन्हाळी परफॉर्मन्स रबर साधारण ७ अंशाच्या खाली कडक व्हायला लागतं, पकड सुटते, ब्रेकचं अंतर वाढतं. एक्स्ट्रीम वाले तर शून्याच्या खाली ठेवलेल्या अवस्थेत वाकवले, हलवले तर त्यांच्या रबराला तडे जाऊ शकतात. तुमच्याकडे बर्फ पडत असेल तर डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असलेला टायर बघा, नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असणं पुरेसं नाही, त्यामागे बर्फावरची चाचणी असेलच असं नाही.

माझं मत विचाराल तर महिन्यातून एकदा ट्रॅकवर जात असाल तरच तिसऱ्या प्रकाराकडे बघा. रोज ऑफिसला जायचं, पावसात घरी यायचं, अधूनमधून घाटात मजा करायची, यासाठी दुसरा प्रकार पुरून उरतो. आणि ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगला सगळ्यात जास्त महत्त्व द्या. कोरड्यात चांगल्या टायरमध्ये आणि फार चांगल्या टायरमध्ये फरक जाणवायला तुम्हाला मुद्दाम जोरात चालवावं लागतं, ओल्यात तो फरक एखादा माणूस अचानक रस्त्यात आला की त्याच क्षणी कळतो.

रस्ते खड्ड्यांचे असतील तर आणखी एक पर्याय डोळ्यासमोर ठेवा, १८ इंचाऐवजी १७ वर राहणं. साइडवॉल जितकी जास्त तितकी रिम वाचते. बुटक्या टायरला मार बसला की आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो, असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, टाकायचाच. रिमच्या कडेच्या बाहेर आलेली रबराची पट्टी असलेले टायर मिळतात, त्याने फूटपाथचे ओरखडे वाचतात, खड्डा मात्र नाही वाचत.

बाजूला छापलेले आकडे, किती विश्वास ठेवायचा

अमेरिकी पद्धतीचा ट्रेडवेअर आकडा असतो, २००, ३००, ४०० वगैरे. एक ठरलेला टायर १०० धरून टेक्सासमधल्या रस्त्यांवर साधारण ११,६०० किलोमीटर चालवून झिजेची तुलना करतात. पण आकडा कंपनी स्वतः जाहीर करते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये तुलना ठीक, वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये ती फारशी लागू होत नाही. २०० चा आकडा ओळखीचा आहे कारण बऱ्याच हौशी रेसिंगमध्ये किमान २०० ची अट असते, म्हणून अनेक टायर बरोब्बर २०० छापून येतात. ट्रॅक्शनचं एए, ए, बी, सी हे ओल्यावर सरळ रेषेतल्या ब्रेकिंगचं आहे, वळणातल्या पकडीबद्दल ते काहीच सांगत नाही.

युरोपियन लेबलवर मे २०२१ पासून ओल्यावरची पकड आणि इंधन ए ते ई, आणि आवाज ए ते सी असा असतो. पकडीत ए किंवा बी असलेला घ्या, इंधनाच्या अक्षरासाठी पकड सोडू नका.

तारीख मात्र नक्की बघा. डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे, २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. कधी कधी हे चार आकडे एकाच बाजूला असतात, दुसऱ्या बाजूला अर्धीच ओळ असते, मग टायर उलटा करून बघा. वर्षभराच्या आतला मिळाला तर उत्तम. गोदामात नीट ठेवलेला दीड-दोन वर्षांचा असेल तरी मी घेईन, पण चारही टायर जवळपासच्या तारखांचे मागून घेईन. आणि जुन्या रिमसोबत आलेले, "अजून नक्षी भरपूर आहे" असं म्हणून दिलेले आठ वर्षांचे टायर घेऊ नका, रबर दगड झालेलं असतं.

दोन की चार

जमत असेल तर चार, एकाच मॉडेलचे. दोनच घ्यायचे असतील तर नवीन मागे टाका, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की सावरते, मागची सुटली तर गाडी फिरते. एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळे टायर अजिबात नकोत. फोर व्हील किंवा ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर चारही चाकांची झीज जवळपास सारखी लागते, नाहीतर मधल्या डिफरेन्शियलवर सतत ताण येतो, किती फरक चालतो ते गाडीच्या पुस्तकात बघा.

पुढे मागे वेगळ्या रुंदीच्या रिम असतील तर चाकं पुढची मागे करता येत नाहीत हे आधीच मनात धरा, त्यातून एकाच दिशेने फिरवायचा, बाणाची नक्षी असलेला टायर घेतला तर डावं उजवंसुद्धा रिमवरून उतरवल्याशिवाय होत नाही. अशा गाडीला आत-बाहेर लिहिलेला असिमेट्रिक टायर सोयीचा.

गाडीला आधी रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर) असतील आणि आता साधे घेताय तर डिकीत स्टेपनी आहे का ते बघा, बहुतेक वेळा नसते.

चढवताना उभं राहून बघा

लोखंडी लिव्हरने ओढून चढवणाऱ्याकडे रुंद, बुटका टायर देऊ नका, बीड फाटते आणि रिमला ओरखडे पडतात. बीडला वंगण लावलं पाहिजे. वॉल्व्ह नवीन घ्या, हवेचा सेन्सर असेल तर त्याची रबरी सील बदला. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो हलक्या बाजूची खूण, वॉल्व्हजवळ येऊ द्या. वजनं आतून चिकटवायला सांगा, आणि चिकटवायच्या आधी ती जागा घासून पुसून घ्यायला लावा, नाहीतर महिन्यात पडतात.

नट तपासा. काही गाड्यांच्या कंपनीच्या रिमचा नट गोल बुडाचा असतो आणि आफ्टरमार्केटला बहुतेकदा शंकूसारखा निमुळता लागतो, चुकीचा नट वरून घट्ट लागतो पण बसत नाही. हबचा गंज ब्रशने काढून मगच चाक लावा, नट समोरासमोरच्या क्रमाने हाताने फिरवा आणि शेवटी टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यापर्यंत कसा. हवेच्या गनने खडखड कसून देत असतील तर थांबवा. ५० ते १०० किलोमीटर झाले की परत एकदा टॉर्क पाना लावा, अलॉयवर हे नक्की करा. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बिघडलेला असेल तर महागाचा टायर काही हजार किलोमीटरमध्ये आतल्या कडेने संपतो आणि वरून बघून कळतसुद्धा नाही.

हवा आणि पहिले काही दिवस

स्टिकरवरची हवा मूळ साइजसाठी आहे. नवीन साइजचा लोड इंडेक्स तेवढाच आणि टायर साधाच असेल तर तिथून सुरुवात करा, एक्सएल असेल तर त्याहून जास्त. मग झीज बघत जा, मधोमध झिजतोय तर हवा जास्त, दोन्ही खांदे झिजतायत तर कमी, फक्त आतली कड झिजतेय तर तो हवेचा विषय नाही, अलाइनमेंटचा आहे. हवा थंड टायरलाच तपासा, हवामानात ५-६ अंशाचा फरक पडला की साधारण एक पीएसआय इकडेतिकडे होतो. नायट्रोजनसाठी फार हट्ट धरू नका, साध्या हवेतच ७८ टक्के तो असतो, नियमित तपासणं जास्त कामाचं.

पहिले ३०० किलोमीटर जपून चालवा, साच्यातून टायर सुटावा म्हणून वापरलेल्या पदार्थाचा थर वर असतो, तो जाईपर्यंत पूर्ण पकड येत नाही, ओल्यात तर खासच. मग एके दिवशी टायरच्या बाहेरच्या आणि आतल्या खांद्यावर खडूने जाड पट्टा ओढा, गाडीत पाच माणसं आणि सामान भरा, नेहमीच्या त्याच उंचवट्यांवरून जाऊन या, आणि परत येऊन चारही चाकांचा खडू बघा. ज्या जागी तो गोल पुसला गेला असेल तिथे टायर घासतोय, आवाज आला नसेल तरी.